सायलेन्सरचा नट सुटत का नाही?

एक लिटर पेट्रोल जळलं की धुराबरोबर जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि वाफ होऊन सायलेन्सरवाटे बाहेर पडतो. थंडीच्या सकाळी सायलेन्सरच्या टोकातून ठिबकणारे थेंब ते हेच. लांबच्या प्रवासात सायलेन्सर चांगला तापतो आणि वाफ निघून जाते. पण गाडी घर ते बाजार एवढीच फिरत असेल, तर पाणी आतच साचतं. त्यात धुरातले आम्लधर्मी वायू विरघळतात आणि बाहेरून चकचकीत दिसणारा सायलेन्सर आतून कुजू लागतो.

मग कधी भोक पडलं म्हणून, तर कधी मनासारखा आवाज हवा म्हणून तो बदलायचं ठरतं. मागचा बोल्ट सुटतो, क्लॅम्प सुटतो आणि काम अडतं ते इंजिनाच्या तोंडाशी, बेंड पाइप हेडला जिथे बसतो तिथल्या दोन नटांपाशी. बहुतेक मोटरसायकलींत हे नट ६ किंवा ८ मिलिमीटरच्या पोलादी स्टडवर असतात. गाडी नवी असताना दोघांच्या आट्यांमध्ये मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी फट असते. पुढे ती गंजानं भरते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. बंदिस्त फटीत पसरायला वाव नसल्यानं तो दोन्हीकडच्या पोलादावर रेटा देत राहतो. नट फिरायचा तर आधी हा दाबून बसलेला थर फुटावा लागतो.

हे नट अगदी वाईट जागी बसलेले असतात. शेजारून जाणारा धूर ६०० ते ८०० अंश सेल्सिअसचा. रोज तापून, रोज गार होऊन नटावरचा जस्ताचा मुलामा निकामी होतो. त्यात गाडी रत्नागिरी-मालवणकडची असेल तर विचारूच नका. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि हवेतली आर्द्रता ३५ टक्क्यांच्या आसपास असली तरी ते पाणी ओढून घेतं. किनाऱ्यावर हवा इतकी कोरडी क्वचितच होते. त्यामुळे पाऊस नसतानाही नटावर खारट ओलावा टिकून राहतो.

स्टडचं दुसरं टोक ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये रुतलेलं असतं. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी म्हटलं की विद्युतघट तयार झालाच. त्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी स्टडला आवळून धरते.

अशा वेळी पान्याला लांब नळी चढवून जोर लावणं ही सर्वांत महागडी चूक. आट्यांनी नटाला पकडून ठेवलेलं असल्यानं सगळा पीळ स्टडवर येतो आणि गंजानं बारीक झालेला स्टड हेडच्या पातळीत तुटतो. तो ड्रिलनं काढणं किचकट, कारण पोलाद कठीण आणि भोवतालचं ॲल्युमिनियम मऊ. ड्रिलचं टोक मऊ बाजूला घसरतं आणि हेड खराब होतं.

जोराआधी वेळ द्यावा. पातळ भेदक तेल केशाकर्षणानं फटीत शिरतं, पण सावकाश. संध्याकाळी तेल मारून सकाळी पाना लावणारा मेकॅनिक मला जास्त शहाणा वाटतो. घरोघरी असणारा डब्ल्यूडी-४० हा फवारा १९५३ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोला तयार झाला तो मुळात धातूवरचं पाणी हटवण्यासाठी. जाम नटासाठी खास भेदक तेल बरं. मधूनमधून हातोडीचे हलके ठोके द्यावेत. गंज ठिसूळ असतो, त्याला तडे जातात. मग सहाकोनी गोटी लावून नट आधी जरासा आवळावा, नंतर सोडवावा आणि असंच मागेपुढे करत राहावं.

तरीही हलला नाही तर उष्णता. ८ मिलिमीटरच्या नटाचं तापमान ३०० अंशांनी वाढवलं तर त्याचं भोक सुमारे ०.०३ मिलिमीटरनं मोठं होतं. केसाच्या जाडीहून हे कमी, पण फट मुळात तेवढीच होती! मात्र नट चटकन तापला पाहिजे, स्टड मागे राहिला पाहिजे. दोघं सारखेच तापले तर फरक उरत नाही. स्टडच हेडमध्ये अडकला असेल तर हेड तापवावं, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. ज्योत लावण्यापूर्वी पेट्रोलची टाकी उतरवायची आणि तेल पूर्ण पुसायचं. यात हयगय नको.

आता मूळ सायलेन्सर का काढतो आहोत, हेही पाहायला हवं. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ या प्रदूषण-नियमांच्या गाड्यांत सायलेन्सरच्या नळीतच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. त्यातले प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे धातू कार्बन मोनॉक्साइडसारख्या वायूंचं रूपांतर कमी घातक वायूंमध्ये करतात. तो काढून टाकला की ते विष थेट रस्त्यावर येतं. १७५ सीसीवरच्या मोटरसायकलींना कारखान्यातच ८० डेसिबलची मर्यादा आहे आणि डेसिबलमध्ये १० ची वाढ म्हणजे ध्वनीची शक्ती दहापट. हौसेचा सायलेन्सर घेणाऱ्यानं त्यात कन्व्हर्टर आहे का आणि आवाज किती डेसिबल, हे दुकानदाराला विचारावं आणि उत्तर मिळालं नाही तर विकत घेऊ नये.

नवा बसवताना गॅस्केट नवं घ्यावं आणि आट्यांना तांब्याचं किंवा निकेलचं अँटी-सीझ लावावं. त्यातलं तेल जळून गेलं तरी धातूचे कण उरतात आणि आटे एकमेकांना धरत नाहीत. पण जोर बेतानं लावा. कोरडा नट आवळताना ढोबळमानानं निम्मा जोर नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांमध्ये आणि जेमतेम १० टक्के स्टड ताणायला उरतो. वंगणानं घर्षण घटलं की तेवढ्याच जोरात स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. गाडी एकदा पूर्ण तापून गार झाली की दोन्ही नट पुन्हा एकदा तपासून घ्यावेत.