कवडशाची वेळ

जयपूरच्या जंतरमंतरात शिरलं की सगळे सम्राट यंत्राकडे धावतात. साहजिकच आहे. 27 मीटर उंचीची, पायऱ्या अंगावर घेऊन ध्रुवाकडे रोखलेली तिरकी भिंत, आणि दोन्ही बाजूंना खुणांच्या कमानी. पितळी यंत्रं झिजतात, हलतात, लहान पडतात, असं राजा सवाई जयसिंगाचं मत होतं. म्हणून अठराव्या शतकात त्याने हे चुन्या-दगडाचं सूर्यघड्याळ बांधलं. कमानीवर सावली सेकंदाला जेमतेम मिलिमीटरभर सरकते. बारीकातली बारीक खूण 2 सेकंदांची.

खूण आहे, पण सावली तितकी रेखीव कुठे? सूर्य हा बिंदू नव्हे. आकाशात तो अर्ध्या अंशाएवढा रुंद दिसतो. भिंतीच्या कडेपासून कमान 15 मीटरवर, त्यामुळे तिथे पोचेतो सावलीची कड सुमारे 14 सेंटिमीटर पसरते. वेळेत मोजलं तर दोन मिनिटं! यंत्र वाढवलं तशी ही धूसर कडही वाढली. जाणकार मग त्या पट्ट्यात बारीक काडी धरतात आणि तिची सावली मोठ्या सावलीत कुठे बुडते ते पाहतात.

माझ्या मते खरी करामत याच बांधकामाच्या पोटातल्या अंधाऱ्या खोल्यांत आहे. त्यांचं नाव षष्ठांश यंत्र. वर बारीकसं भोक, खाली दक्षिणोत्तर 60 अंशांची कमान. दिवसभर तिथे काहीच घडत नाही. ऐन मध्यान्हाला मात्र सुमारे 8 सेंटिमीटरचा गोल कवडसा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत येतो. तो कवडसा म्हणजे सूर्याचं उलटं चित्रच. मोठा सौरडाग असला तर तोही त्यात दिसू शकतो. पुढची कड मधल्या रेषेला टेकली ती वेळ आणि मागची कड सुटली ती वेळ टिपायची. दोन्हींचा मध्य म्हणजे खरा मध्यान्ह. कवडसा कमानीवर कुठे पडला, यावरून सूर्याची क्रांतीही, म्हणजे विषुववृत्तापासून तो किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे तेही, कळते.

हा मध्यान्ह मनगटावरच्या बाराशी जुळत नाही. भारतीय प्रमाणवेळ 82.5 रेखांशाची, जयपूर तिच्या पश्चिमेला, म्हणून 27 मिनिटं मागे. (मुंबई 39 मिनिटं मागे, तिथे तर 1955 पर्यंत वेगळा ‘बॉम्बे टाइम’ चालवला गेला.) शिवाय पृथ्वीचा कललेला आस आणि लंबवर्तुळी कक्षा यांमुळे सूर्य कधी उशिरा, कधी लवकर डोक्यावर येतो. जयपूरला फेब्रुवारीच्या मध्यात 12.41, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12.10.

तेव्हा फेब्रुवारीत गेलात आणि खोली उघडी मिळाली, तर पावणेएकपर्यंत जेवायला उठू नका.