‘क्वोथ’ आणि ‘म्हणे’

जुन्या इंग्रजी काव्यांत ‘क्वोथ’ हें क्रियापद वारंवार भेटतें. अर्थ एवढाच : म्हणाला, वदला. त्याला वर्तमानकाळ उरला नाहीं, भविष्यकाळ तर नाहींच. आणि तें बहुधा कर्त्याच्या आधीं येऊन बसतें. पो या अमेरिकन कवीनें १८४५ मधील ‘रेव्हन’ या काव्यांत पक्ष्याच्या एकशब्दी उत्तरासाठीं तेंच योजिलें; साध्या ‘सेड’नें तें गांभीर्य साधलें नसतें. अवतरण देणें या अर्थाचा ‘कोट’ त्याचा सोयराहि नव्हे; तो लॅटिनमधील ‘किती’ या अर्थाच्या शब्दापासून निघाला. सख्खें भावंड म्हणजे ‘बिक्वीथ’, मृत्युपत्रानें देणें. त्याचाहि मूळ अर्थ बोलणें, जाहीर करणें हाच.

मराठींतील ‘वदणें’ असेंच काव्याच्या आश्रयास राहिलें. मात्र त्याचे तिन्ही काळ शाबूत आहेत. पुढें इंग्रजींत ‘क्वोथ ही’चें झिजून ‘क्वोथा’ झालें आणि त्यांत उपहास शिरला. तेथें ‘वदला’ चालणार नाहीं, ‘म्हणे’च हवें. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ ज्या शिरोड्यास शिक्षक होते, तेथेंच १९३० सालीं मिठाचा सत्याग्रह झाला. समुद्र गांवचा, आगरें गांवचीं, आणि मीठ म्हणे सरकारचें! या ‘म्हणे’मध्यें ‘क्वोथा’ पुरता उतरतो.