सात फुटांची हद्द

बर्मिंगहॅमच्या गजबजलेल्या ब्रॉड स्ट्रीटलगत, रस्त्याच्या पातळीखाली, गॅस स्ट्रीट बेसिन ही कालव्यांची जुनी गोदी आहे. शहरातले पहिले गॅसचे दिवे ज्या रस्त्यावर लागले, त्याचंच नाव तिला मिळालं. आज इथे रंगीत नावा बांधलेल्या असतात, काठावर खाणावळी आहेत. पण नीट बघावी ती पाण्याच्या मधोमध गेलेली सात फूट रुंदीची पट्टी, वूस्टर बार.

बर्मिंगहॅम उंचवट्यावर वसलेलं. जवळ मोठी नदी नाही. जेम्स ब्रिंडलीने आखलेला कालवा १७६९ मध्ये वेन्सबरीच्या खाणींकडून इथवर आला आणि शहरात कोळसा स्वस्त झाला. मात्र चढउताराच्या जागी नावेला लॉकमधून, म्हणजे दोन्हीकडे दरवाजे असलेल्या हौदातून जावं लागतं. एक नाव उतरली की हौदभर पाणी खाली गेलंच. ते पुन्हा वर चढवायला या कालव्याच्या कंपनीने स्मेथविकला १७७९ मध्ये बोल्टन आणि वॅट यांचं वाफेचं इंजिन बसवलं.

अशात १७९१ मध्ये बर्मिंगहॅम ते वूस्टर अशा नव्या कालव्याला मंजुरी मिळाली. तो ५८ लॉक उतरून सेव्हर्न नदीला मिळणार होता. दोन्ही कालवे जोडले तर आपलं पाणी नदीला जाईल, ही जुन्या कंपनीची धास्ती. पाटाच्या पाळीवरून जुंपलेली भांडणं पाहिलेल्या मराठी माणसाला ती समजावून सांगायला नको. कंपनीच्या हट्टापायी कायद्यानेच दोन कालव्यांत सात फुटांचं अंतर राखलं गेलं.

१७९५ मध्ये नव्या कालव्याचा सेली ओकपर्यंतचा टप्पा सुरू झाला, आणि पट्टीवर माणसं राबू लागली. नाव अलीकडे लावायची, माल उतरवायचा, सात फूट वाहून न्यायचा, पलीकडच्या नावेत भरायचा. वीस वर्षं हेच चाललं. कंपनीला मी वेड्यात काढणार नाही, पाण्याची भीती खरीच होती. पण तिची किंमत मजुरांच्या पाठीने मोजली. उपाय काही अवघड नव्हता. १८१५ मध्ये पट्टी फोडून तिथे लॉक बांधलं आणि नावा थेट ये-जा करू लागल्या.

लॉकपुरती फोडलेली जागा सोडली तर पट्टी अजून शाबूत आहे. बर्मिंगहॅमला गेलात तर तिच्यावर उभे राहा, आणि मग थिंकटँक संग्रहालयात जाऊन स्मेथविकचं ते इंजिनही जरूर पाहा.