अब्रूपेक्षा लेकरू मोठे

कर्जत तालुक्यातील टाकवे येथील एका निवासी आश्रमशाळेत मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचे प्रकरण २०१४ मध्ये उघडकीस आले. गरीब आईबापांनी शिकतील म्हणून विश्वासाने पोटची मुले तिथे ठेवली होती. अशी बातमी वाचून आपण हळहळतो. पण हेच आपल्या मोहल्ल्यात, आपल्याच नात्यात घडले तर? "पोरीच्या निकाहाचे काय?", "खानदानाची अब्रू जाईल" असे म्हणून कित्येक घरांत तोंडाला कुलूप लागते.

कायदा मात्र गप्प बसू देत नाही. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेला 'पोक्सो' कायदा अठरा वर्षांखालील मुलगा व मुलगी दोघांनाही संरक्षण देतो. अत्याचाराची माहिती असूनही पोलिसांना न कळवणे हा गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. संस्थाचालकाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवला, तर एक वर्षापर्यंत कैद. शाळा असो, वसतिगृह असो की मदरसा, नियम एकच. असे प्रकरण जमातीत बसून मिटवता येत नाही.

पोलीस ठाण्याची भीती वाटणाऱ्या अम्मींनी हेही जाणून घ्यावे. मुलाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो. जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसतो आणि शक्यतो महिला असते. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. त्याचे नाव, फोटो किंवा पत्ता छापण्यास मनाई आहे.

या कायद्याच्या अंमलबजावणीवर नजर ठेवण्याचे काम राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे आहे. २००५ च्या केंद्रीय कायद्यानुसार त्यात अध्यक्ष व सहा सदस्य असतात. सदस्यांत किमान दोन महिला हव्यात. शिक्षण, बालआरोग्य, बालन्याय, बालमजुरी निर्मूलन, बालमानसशास्त्र आणि मुलांविषयीचे कायदे यांतील जाणकार निवडायचे असतात. मुदत तीन वर्षांची. आयोग शिक्षा देत नाही, पण चौकशी करतो, साक्षीदारांना बोलावू शकतो, सरकारला शिफारस करतो आणि गरज पडल्यास उच्च न्यायालयात जातो. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीतही अध्यक्ष व चार सदस्य असतात.

या खुर्च्यांवर कोण बसते, याची चौकशी आपण कधी करतो का? आपल्यातही वकील, डॉक्टर, शिक्षिका आहेत. अर्ज मागवले जातात तेव्हा त्यांनी पुढे यावे. कातकरीवाडीतले लेकरू असो की नेरळ-खोपोलीच्या मोहल्ल्यातले, त्याची बाजू समजणारा माणूस तिथे हवा.

औलाद ही अल्लाहने सोपवलेली अमानत आहे. न्यायाची साक्ष देताना आईवडील आणि नातलगांचीही भीड धरू नका, अशी सूरह निसाची ताकीद आहे. मूल काही सांगू लागले, तर आधी त्याचे ऐका, त्याच्यावर विश्वास ठेवा. मग १०९८ हा क्रमांक फिरवा. अब्रू जाते ती गुन्हेगाराची, लेकराची नव्हे.