रेषा बरोबर, पण किक कुठं मारायची?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका गॅरेजात जुन्या ३५० बुलेटची कॅफे रेसर होतेय म्हटल्यावर बघे जमणारच. पैसे मालकाचे, हात मिस्त्रीचे, मतं सगळ्यांची.

पहिलं मत सीटवर. मागची फ्रेम कापून अर्धगोल पाइप वेल्ड केलाय, वर एकट्यापुरती सीट. "वहिनी कुठं बसायच्या?" हे कुणीतरी विचारतंच. तरुण पोरं लांब उभी राहून टाकीच्या तळापासून सीटपर्यंतची रेषा बघतात. ती मोडली तर त्यांच्या लेखी सगळा खर्च पाण्यात.

मला रस होता तो उजव्या बाजूत. जुन्या बुलेटचा गिअर उजवीकडे आणि किकही उजवीकडेच. ओणवं बसायला पाय मागे घेतले की फूटरेस्ट नेमका किकच्या वाटेत येतो. म्हणून मिस्त्रीनं घडीचा फूटरेस्ट करून घेतला: वर दुमडा, किक मारा, पुन्हा पाडा. गिअरचं त्याहून किचकट. लिव्हर नुसता मागे फिरवून बसवला तर पहिला वर, बाकीचे खाली हा क्रमच उलटतो. जुन्या सवयीनं चौथा टाकायला जावं आणि दुसरा पडावा. म्हणून मधे सळई आणि दोन सांधे. फोटोत यातलं काहीच दिसत नाही.

कॅफे रेसर हा प्रकार मुळात वेगासाठी. १९५०-६० च्या दशकांत लंडनच्या एस कॅफेवर जमणारी पोरं ताशी १०० मैल गाठायला धडपडायची. नॉर्टनच्या फ्रेममध्ये ट्रायम्फचं इंजिन बसवून 'ट्रायटन' करायची. आपल्या बुलेटची ताकद अठरा हॉर्सपॉवरच्या आसपास. तिच्यावर ओणवं बसून मिळते ती मुख्यतः कंबरदुखी, हे जाणत्यांचं मत मला तरी पटतं.

खरी जुंपली ती हवेच्या मूळ फिल्टरऐवजी लावलेल्या उघड्या पॉड फिल्टरवरून. एक म्हातारे मेकॅनिक वादात न पडता प्लग खोलून बसले. टोक पांढरं. "उपाशी चाललीय. हवा वाढवली, पेट्रोल कोण वाढवणार?" मेन जेट मोठा टाकल्यावर, फेरी मारून आल्यावर, रंग बिस्किटासारखा आला. मग फिल्टरवाले आणि विरोधक दोघंही आपणच बरोबर होतो म्हणाले.

आरटीओचं नाव काढलं की मात्र आवाज खाली येतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे बदल सहजासहजी करू देत नाही. मालकानं मिस्त्रीकडं बघितलं. "जुनी सीट, मडगार्ड माळ्यावर ठेवा," मिस्त्री म्हणाला, "आणि कापलेला तुकडापण."