चाचणी गळीत आणि चाचणी उड्डाण
बातमीच्या पोटात : भाग ६

२१ ऑक्टोबर २०२३, शनिवार. नवरात्र सुरू होते आणि शहादा तालुक्यात कापूस वेचणीची धांदल होती. तिकडे श्रीहरिकोट्यात गगनयान या मानवी अंतराळ मोहिमेचे ‘टीव्ही-डी १’ हे चाचणी रॉकेट तळावर उभे होते. आठची वेळ सरकत सरकत पावणेनऊवर आली. उलटमोजणी पाच सेकंदांपर्यंत आली आणि तिथेच थांबली. रॉकेट जागचे हलले नाही.

संगणकाला काहीतरी खटकले होते आणि त्यानेच उड्डाण अडवले होते. अशा वेळी बातमी देणाऱ्यापुढे तीन शब्द असतात : थांबवले, पुढे ढकलले, रद्द केले. तिन्हींचा अर्थ वेगळा. त्यात ‘इस्रोला धक्का’ हा तयार शब्दप्रयोग हाताशी असतोच. पण त्या दिवशी दोष शोधून दूर केला गेला आणि दहा वाजता रॉकेट उडाले. मग ‘धक्का’ कोणाला बसला होता?

पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याभोवती ज्यांची शेती आहे, त्यांना हा प्रश्न चटकन समजेल. नवा कारखाना उभा राहिला की आधी बॉयलर अग्निप्रदीपन होते, मग गव्हाणीत मोळी टाकली जाते आणि चाचणी गळीत सुरू होते. कुठे वाफेचा दाब कमी पडतो, कुठे रसाची गळती दिसते, गव्हाण मध्येच बंद ठेवावी लागते. पहिल्या दिवसाचा उतारा मोजून कारखाना फसला असे कोणी म्हणत नाही. खोट दिसावी म्हणूनच चाचणी घ्यायची, हे गावात सगळ्यांना माहीत असते. साखर आणि रॉकेट यांचे नाते तसे लांबचेही नाही. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरची जी कंपनी साखर कारखान्यांची यंत्रे बनवते, तीच इस्रोच्या रॉकेटांची पोलादी आवरणेही बनवते.

मग चाचणी गळिताला मिळणारी सवड चाचणी उड्डाणाला का मिळत नाही? एक कारण अगदी साधे आहे. गळीत अनेक दिवस चालते, रॉकेटचा निकाल काही मिनिटांत लागतो आणि तोही साऱ्या देशासमोर. शहाद्यासारख्या गावी जाणारी डाक आवृत्ती लवकर छापायला सोडावी लागते. मथळ्यात चार-पाच शब्दांपलीकडे जागा नसते. त्या जागेत ‘यशस्वी’ बसतो, ‘अयशस्वी’ बसतो. ‘पहिल्या टप्प्याने काम केले, दुसऱ्याचे नियंत्रण गेले’ हे बसत नाही.

१० ऑगस्ट १९७९ रोजी नेमके हेच घडले होते. भारताचे पहिले उपग्रह प्रक्षेपक एसएलव्ही-३ त्या दिवशी प्रथमच उडाले. सुमारे १७ टनांच्या या रॉकेटचा पहिला टप्पा व्यवस्थित जळला. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतील नायट्रिक ॲसिड एका झडपेतून आधीच गळून गेले होते, त्यामुळे रॉकेटची दिशा सुटली आणि ३१७ सेकंदांनी ते बंगालच्या उपसागरात पडले. प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम पुढे भाषणांतून सांगत की, संगणकाने त्या वेळीही उड्डाण थांबवले होते. तज्ज्ञांशी बोलून त्यांनी स्वतः तो इशारा बाजूला ठेवला. त्यानंतर पत्रकारांसमोर मात्र इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन बसले आणि त्यांनी जबाबदारी स्वतःवर घेतली. १८ जुलै १९८० रोजी त्याच जातीच्या रॉकेटने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. तेव्हा धवनांनी पत्रकारांसमोर कलामांना पाठवले.

त्या काळात थुंब्याच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राची धुरा वसंत गोवारीकर यांच्याकडे आली होती. मागील भागात ज्यांच्या १६ घटकांच्या मान्सून प्रतिमानाचा उल्लेख झाला, तेच हे गोवारीकर. पावसाच्या अंदाजाआधी त्यांचे आयुष्य रॉकेटच्या घन इंधनात गेले होते. १९७९ च्या उड्डाणात पहिल्या टप्प्याचे घन इंधन नीट जळले, ही त्या दिवसाची मोठी कमाई होती. समुद्रात पडलेल्या रॉकेटच्या बातमीत तिला जागा मिळणे अवघडच होते.

परदेशात याहून निष्ठुर उदाहरण आहे. रशियाच्या स्पुटनिकनंतर दोनच महिन्यांनी, ६ डिसेंबर १९५७ रोजी, अमेरिकेचे व्हॅनगार्ड रॉकेट जेमतेम मीटरभर उचलले गेले आणि तळावरच कोसळून पेटले. वृत्तपत्रांनी ‘फ्लॉपनिक’, ‘कापुटनिक’ अशी नावे ठेवली. रॉकेटचे अधिकृत नाव होते टीव्ही-३, म्हणजे चाचणी वाहन क्रमांक ३. चाचणी हा शब्द नावातच होता, तरी साऱ्या जगाने तो अंतिम सामना मानला. १७ मार्च १९५८ रोजी व्हॅनगार्ड-१ हा उपग्रह कक्षेत पोहोचला. तो आजही पृथ्वीभोवती फिरतो आहे. कक्षेत असलेली माणसाने बनवलेली ती सर्वांत जुनी वस्तू आहे.

वाचकाला उपयोगी पडणारी एक खूण नावातच सापडते. पीएसएलव्ही-डी १, जीएसएलव्ही-डी १, एसएसएलव्ही-डी १ यांतला ‘डी’ म्हणजे विकासाच्या टप्प्यातले उड्डाण. ७ ऑगस्ट २०२२ रोजी एसएसएलव्ही-डी १ ने दोन उपग्रह ३५६ किलोमीटरच्या वर्तुळाकार कक्षेऐवजी ३५६ बाय ७६ किलोमीटरच्या लंबवर्तुळात सोडले. इतक्या खाली हवेच्या घर्षणाने उपग्रह टिकत नाहीत. त्यातला ‘आझादीसॅट’ देशभरातील ७५ शाळांतल्या ७५० मुलींच्या हातून घडला होता. त्या मुलींचे नुकसान खरेच होते आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण दोषही हाती लागला. दुसरा टप्पा सुटताना बसलेल्या हादऱ्याने वेग मोजणारे संवेदक जेमतेम दोन सेकंद गोंधळले होते. टप्पा सोडवण्याची यंत्रणा बदलली गेली. १० फेब्रुवारी २०२३ रोजी डी २ उडाले आणि ‘आझादीसॅट-२’ कक्षेत गेला.

याचा अर्थ प्रत्येक अपयशावर ‘चाचणी’चे पांघरूण घालावे असा नाही. १८ मे २०२५ रोजी पीएसएलव्ही-सी ६१ चा तिसरा टप्पा बिघडला आणि ईओएस-०९ हा उपग्रह गेला. पीएसएलव्ही तीन दशके वापरातले रॉकेट आहे. तिथे ‘मोहीम अयशस्वी’ हेच अचूक शब्द. उलट २० एप्रिल २०२३ रोजी स्पेसएक्सचे स्टारशिप सुमारे चार मिनिटांनी फुटले, तेव्हा कंपनीचे कर्मचारी टाळ्या वाजवत होते. रॉकेट तळावरून सुटले, एवढे त्यांना पुरेसे होते. त्याच उड्डाणाने तळाचे काँक्रीट उखडून टाकले, ही गोष्ट मात्र टाळ्यांत दिसत नव्हती. तिथे ‘स्फोट’ही खरा होता, ‘प्रगती’ही खरी होती.

टीव्ही-डी १ चा दिवसही असाच संपला. दहा वाजता निघालेल्या रॉकेटपासून अंतराळवीरांची कुपी आकाशातच, आवाजाहून अधिक वेगात असताना, सुटी झाली. छत्र्या उघडल्या आणि श्रीहरिकोट्यापासून सुमारे १० किलोमीटरवर ती समुद्रात उतरली. आणीबाणीत माणसे रॉकेटपासून दूर नेता येतात का, हे पाहायचे होते; ते दिसले. म्हणून ‘यशस्वी’ हा शब्द बरोबरच होता. मात्र नौदलाचे पाणबुडे पोहोचले तेव्हा कुपी पाण्यात उलटी तरंगत होती. आत माणसे असती तर ती उलटी अडकली असती. त्यासाठी फुगणाऱ्या पिशव्यांनी कुपी सरळ करणारी यंत्रणा गगनयानात आहे, आणि तिच्या चाचण्या वेगळ्या घ्याव्या लागतात.

(पुढील भागात : धरण ‘भरले’ म्हणजे नेमके किती? प्रकाशा आणि सारंगखेडा बॅरेजच्या बातम्या कशा वाचाव्यात.)