‘पाय दाखवा!’ : खलाशांची पहाट

नागपूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही खलाशांच्या बोलीशी या शहराचा एक धागा जुळतो. लष्करीबागेच्या नावातील ‘लष्कर’ हा मूळचा फारसी शब्द. जहाजावरील हिंदी खलाशांना इंग्रजीत ‘लास्कर’ म्हणत, तेही याच शब्दावरून. सारंग आणि तांडेल हे त्यांचे मुकादम. या खलाशांना त्यांच्या भाषेत हुकूम देता यावेत, यासाठी थॉमस रोबक यांनी १८११ मध्ये कोलकात्यात इंग्रजी-हिंदुस्थानी नाविक कोश प्रसिद्ध केला.

जहाजावरील दिवसाचा पहिला हुकूम अर्थातच उठण्याचा. कामठीच्या छावणीत सैनिकाला बिगूल जागे करतो. जहाजावर मात्र बोसनची शिट्टी आणि त्यापाठोपाठ आरोळी. ब्रिटिश नौदलातील अशीच एक प्रसिद्ध आरोळी म्हणजे ‘शो अ लेग’, अर्थात ‘पाय दाखवा’.

तिच्यामागची कथा रंजक आहे. अठराव्या शतकात अनेक खलाशी सक्तीने भरती केलेले असत. ते पळून जातील या भीतीने बंदरातही त्यांना रजा मिळत नसे. त्याऐवजी स्त्रियांना जहाजावर येऊ दिले जाई. सकाळी झोळीबाहेर आलेला पाय स्त्रीचा दिसला तर तिला झोपू देत. पुरुषाचा असला तर त्याला उठवीत, असे सांगतात. अर्थात झोळीतून उतरताना आधी पायच बाहेर येतो, एवढाच साधा अर्थही यामागे असू शकेल.

दुसरी आरोळी ‘लॅश अप अँड स्टो’, म्हणजे ‘बांधा आणि जागेवर ठेवा’. टांगत्या झोळीची ओळख युरोपीयांना १४९२ नंतर कॅरिबियन बेटांवरील रहिवाशांकडून झाली. रात्री जिथे झोळ्या टांगत, तिथेच दिवसा जेवण आणि तोफांचे काम चाले. गुंडाळलेल्या झोळ्या जहाजाच्या कडेच्या जाळ्यांत रचत. लढाईत त्या गोळ्यांपासून आडोसा देत.

आपला प्रहर तीन तासांचा, तर जहाजावरील पाळी चार तासांची. सायंकाळची एक पाळी दोन-दोन तासांत विभागून दिवसाच्या सात पाळ्या केल्या जात, म्हणजे रात्रीचे जागरण रोज त्याच गटावर येत नसे. तरीही सलग चार तासांची झोप दुर्मीळच. त्यामुळे उठवण्याचा हुकूम कडक असे आणि त्यातील थट्टा त्याची धार थोडी बोथट करी.

थट्टेच्या जागी अवमान आला की मात्र परिणाम गंभीर होतात. मुंबईतील ‘तलवार’ या नौदल केंद्रात १८ फेब्रुवारी १९४६ रोजी नाविकांनी संप पुकारला. निकृष्ट अन्नाबरोबरच अधिकाऱ्याने बराकीत केलेली शिवीगाळ हे त्याचे तात्कालिक कारण होते.

आता झोळ्यांच्या जागी खाटा आल्या आहेत. बोसनची शिट्टी भारतीय नौदलात अजूनही वाजते आणि ‘शो अ लेग’ ही आरोळी इंग्रजीत ‘ऊठ, लवकर आवर’ या अर्थाने उरली आहे.